पेडण्याचं क्रॉसिंग

गोकुळदास पायलट. विमान उडवणारा नव्हे हो, विमानतळ आता शेजारी मोपाला आला असला तरी. गोव्यात मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडं बसवून नेणाऱ्यालाच पायलट म्हणतात. पेडणे स्टेशनाबाहेरच्या सावलीत पिवळ्या मडगार्डची गाडी लावून हा कोरगावचा माणूस वर्षानुवर्षं भाडी मारतोय. भाड्याच्या स्कूटर आल्या, टॅक्सीवाले आले, धंदा अर्ध्यावर आला, पण गड्याची मिजास काही उतरली नाही. रेल्वेचं सगळं आपल्याला कळतं, ही त्याची समजूत.

समजूत अगदीच खोटी होती असंही म्हणवत नाही. आमच्याकडचा रूळ एकेरी. समोरून गाडी आली की एकीने बाजूच्या लायनीवर थांबायचं आणि दुसरीला वाट द्यायची, याला क्रॉसिंग म्हणतात. मुंबईहून येणारी एक एक्स्प्रेस कागदोपत्री पेडण्याला थांबतच नाही. पण समोरच्या गाडीसाठी ती रोज पेडण्यालाच रखडायची. मग गावची माणसं पुढच्या थिवीचं तिकीट काढून खुशाल इथेच खाली उतरायची, आणि त्यांना घरी सोडायला गोकुळदास हजर. "वेळापत्रक मुंबयवाल्यांक, क्रॉसिंग आमकां," असं तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा. बाकीचे पायलट हसायचे, पण विचारायला त्याच्याकडेच यायचे.

त्याची बायको मालती पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. डॉक्टरांनी आता घरीच न्या म्हणून सांगितलं, तेव्हा जे समजायचं ते सगळ्यांना समजलं. त्या दिवशी सकाळी तिचा श्वास बदलला. पेजेचं पाणीसुद्धा ओठाबाहेर यायला लागलं. एकुलती एक लेक दिपाली ठाण्याला चष्म्याच्या दुकानात कामाला होती, ती आदल्या रात्रीच निघाली होती, त्याच एक्स्प्रेसने. मालतीच्या भावाने, नारायणाने, मोबाईलवर दिपालीचं तोंड दाखवायला घेतलं, तर मालतीने मान फिरवली.

"माका मोबायलात नको," ती म्हणाली. "माका तिच्या तोंडार हात फिरवूचो आसा."

एवढं बोलायलाही तिला दोनदा थांबावं लागलं. नारायण उठला, व्हॅनची चावी घेतली. "भावजी, मी सावंतवाडीक जातंय. गाडी थंय थांबता. तिका थंयच उतरवन घेवन येतंय."

गोकुळदासला हे सहन होईना. रेल्वेच्या गोष्टीत मेव्हण्याने आपल्याला शिकवावं? "खुळो की काय तू?" तो म्हणाला. "थंयसून रस्त्यान येतलंस कधी? पेडण्याक क्रॉसिंग आसा. माझ्या गाडयेर बसली की चाय थंड होवच्या आधी घरात." हिशेब बरोबरच होता म्हणा. नारायणाने चावी परत खुंटीला लावली. गोकुळदासने लेकीला फोन केला: सावंतवाडीला उतरू नको, पेडणं आलं की बॅग घेऊन दारात उभी राहा, गाडी स्लो झाली की उतर, मी समोरच असेन. मालतीला सांगून तो निघाला. तिने मान हलवली की नाही, कोण जाणे. त्याला वाटलं, हलवली.

स्टेशनवर पोचला तर गौरेश पायलट चहाचा ग्लास घेऊन उभा. "आज भाडी नाय रे," तो म्हणाला. "समोरची लेट आसा. क्रॉसिंग थिवीक घातल्यानी. ही थ्रू जातली."

थ्रू म्हणजे न थांबता, सरळ. गोकुळदासने मोबाईल काढून दिपालीला लावला. सावंतवाडी केव्हाच सुटली होती आणि गाडी मालप्याच्या बोगद्यात असणार, फोन कुठला लागतो? परत लावला. परत तेच. मग तो धावत प्लॅटफॉर्मवर गेला. हिरवा बावटा घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं, आणि काही विचारायची गरजच उरली नाही. पट्टीचा पोहणाराच बुडतो म्हणतात, ते काही उगीच नाही.

मग त्याला दुसरंच आठवलं. आपणच पोरीला सांगितलंय, दारात उभी राहा, स्लो झाली की उतर. आई मरायला टेकलेली. पोर तापट, आईवर गेलेली. नाही थांबली गाडी, तर ती काय करील?

गाडी बोगद्यातून आली ती धूळ उडवत. डबे डोळ्यांसमोरून सपासप जायला लागले. गोकुळदास प्लॅटफॉर्मवरून गाडीबरोबर धावत होता, दोन्ही हात वर करून मागे ढकलल्यासारखे हलवत होता. "उडी मारू नको गो! भितर जा!" आणि दिसली. निळा ड्रेस, खांद्याला बॅग, एक हात दांड्याला, एक पाय पायरीवर. तिनेही त्याला बघितलं. मागून कुणीतरी तिचा दंड धरला आणि आत ओढलं. शेवटचा डबा गेला. गोकुळदास प्लॅटफॉर्मच्या टोकाला मटकन खाली बसला.

पोर वाचली. पण बसून चालणार नव्हतं. तिकडे मालती एकेक श्वास मोजून घेत होती आणि लेक भलतीकडे चालली होती. फोन लागला. "थिवीक उतर, मी येतंय," एवढंच त्याने सांगितलं. नारायणाला बोलवावं असं मनात आलं, पण मालतीजवळ तो एकटाच होता. गोकुळदासने किक मारली. महामार्गाला लागून धारगळ मागे टाकलं. ट्रक आडवे येत होते, त्यांना तो शिव्या घालत होता, आणि खरं तर स्वतःला घालत होता. सावंतवाडीला उतरली असती तर आत्ता व्हॅन घराच्या वाटेला लागली असती. देवा, तेवढा वेळ काढ. मालती, तेवढी थांब. पाया पडतो.

कोलवाळचा पूल ओलांडून थिवीच्या रस्त्याला लागला आणि खिशात फोन वाजला. नारायणाचं नाव. बाजूला घेऊन त्याने फोन कानाला लावला. पलीकडून नारायणाचा फक्त हुंदका ऐकू आला.

गोकुळदासने फोन बंद करून खिशात टाकला आणि तोंड पुसलं. पोर एकटी स्टेशनवर बसलीय, तिला न्यायला तर हवंच होतं.

दिपाली थिवीला बाहेरच्या पायरीवर बसली होती. त्याला बघताच उठली, काही न विचारता मागे बसली. घरी पोचेपर्यंत तरी हिला आई असू दे, असं त्याने ठरवून टाकलं. म्हणून गाडी जाताना हाणली तशीच येतानाही हाणली. हळू केली तर पोरीला कळेल, ही धास्ती. वळणावर, खड्ड्यात, कुठेच ब्रेक नाही.

धारगळपाशी तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, सवकास मार गाडी."

"आवस वाट बघता तुझी," तो म्हणाला.

"मामाचो फोन माका थिवीकच इल्लो," दिपाली म्हणाली. "तू गाडी मारतंस म्हणान सांगूक नाय."

गोकुळदासने एक्सिलरेटर सोडला. पाठीला तिचं कपाळ टेकलेलं होतं आणि शर्ट ओला होत होता. मागून येणारे ट्रक हॉर्न देत पुढे निघून गेले. आता कोरगावला कधीही पोचलं तरी चालणार होतं.