अप्पांचा उजवा गाल

हे मी सुनंदालाही सांगितलेलं नाही. बायकोपासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काही नाही – हे एवढंच आहे. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही अप्पांना कधी पाहिलेलं नाही, म्हणून असेल.

अप्पा म्हणजे माझे वडील. निपाणीला बसडेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर काही वर्षांतच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी तेव्हा बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात होतो. नव्वदच्या दशकातलं बंगलोर, होसूर रोडजवळ भाड्याच्या दोन खोल्या. तिथं त्यांना घेऊन आलो. समजायचं सगळं, बोलता मात्र यायचं नाही. उजव्या गालाला स्पर्शसुद्धा कळत नव्हता. चहा त्या बाजूनं ओघळायचा आणि ते तसेच बसून राहायचे.

त्यांच्या पिशवीतून त्यांचा वस्तरा आला. जन्मभर त्यांनी वस्तऱ्यानंच दाढी केली होती. बोलता येत होतं तेव्हा माझ्या पत्तीच्या रेझरला ते पेन्सिल तासायचं यंत्र म्हणायचे. आता उजवा हात लुळा – पण त्यांनी डाव्या हातानं वस्तरा धरायला सुरुवात केली. आठवड्याभरात डावा गाल स्वतःचा स्वतः करायला लागले. उजव्या गालापर्यंत मात्र तो हात नीट वळायचा नाही. तो गाल माझ्याकडे आला.

मी कधी वस्तरा हातात धरलेला नव्हता. त्यांनी मला शिकवलं, एक शब्द न बोलता. खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा अडकवून मी ताणून धरायचा, ते डाव्या हातानं त्यावर वस्तरा फिरवायचे. मग आरसा खिडकीला टेकवून बसायचे, स्वतःची बाजू करायचे, आरसा खाली ठेवायचे आणि तोंड वळवून उजवा गाल मला द्यायचे. पातं उभं राहिलं की माझं मनगट दाबून आडवं करायचे. कातडी ताण – हे बोटानं खुणावून सांगायचे. दिवसभरात तेवढंच एक काम त्यांच्या हातात उरलं होतं. बाकी अंघोळ, जेवण, सगळं आम्हीच करायचो. हे तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ते लक्षात ठेवलं नाही.

पहिल्यांदा कापलं तेव्हा मी टरकलो. हनुवटीजवळ बारीक रेघ, त्यातून रक्त. मी हात थांबवला. अप्पा बाहेर रस्त्याकडे बघत होते. त्यांना कळलंच नव्हतं. मी तुरटी फिरवली आणि पुढं चालू केलं.

कसं सांगू? त्यानंतर माझी भीतीच गेली. पुढच्या वेळी कापलं तेव्हा मी थांबलोही नाही. नवशिक्याचा हात आहे, चालायचंच – असं मनाशी म्हणायचो. पण ते खरं नव्हतं. खरं हे, की दुखत नव्हतं म्हणून मी लक्ष देत नव्हतो. अर्धं लक्ष कंपनीच्या बसकडे असायचं.

त्या सकाळी उशीर झाला होता. अक्का, माझी थोरली बहीण, बेळगावहून त्यांना भेटायला आलेली. ती आणि सुनंदा स्वयंपाकघरात होत्या. मी खिडकीतून बस आली का बघायला मान वळवली, हात मात्र थांबवला नाही. जबड्याच्या वळणावर पातं उभं घुसलं. रक्त गळ्यावरून गंजीवर उतरलं. त्यांनी खाली वाकून गंजी पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं. तुरटीनं ते थांबणारं नव्हतं.

दोघी धावत आल्या. काय झालं, असं अक्कानं विचारलं.

"अप्पांनीच ओढून घेतला हातातनं," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो का? नाही. तोंडातून निघालं. पण परत घ्यायला वेळ होता – दवाखान्यात टाके पडेपर्यंत वेळ होता, संध्याकाळी होता, पुढं वर्षभर होता.

"असं कशाला केलासा वो अप्पा?" अक्का रडायला लागली. अप्पांनी डावा हात पुढं केला, तळवा वर. वस्तरा द्या, मी दाखवतो कसं झालं – त्यांना हेच म्हणायचं होतं, हे मला तेव्हाच कळलं. अक्काला वाटलं, ते पुन्हा वस्तरा मागतायत. तिनं तो घाईघाईनं पदराआड लपवला. जाताना फडक्यात गुंडाळून बेळगावला घेऊन गेली, घरात नकोच म्हणून.

शरम वाटली असेल, असं तुम्हाला वाटेल. मला काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये बसलो, हजेरी लावली, दुपारी डबा खाल्ला.

काही दिवस अप्पा सकाळी खिडकीशी बसून हात पुढं करायचे. मग तेही बंद झालं. मी माझ्या पत्तीच्या रेझरनं त्यांची सगळी दाढी करायला लागलो. आरसा ते मागत नव्हते. पुढच्या वर्षी ते गेले. अक्का अजून पाव्हण्यांना सांगते, यानं अप्पांची दाढीसुद्धा केली हो, पोटच्या पोरासारखी. सुनंदा मान हलवते. मी चहा पितो.

एक राहिलं. त्या वर्षभरात डावा गालही मीच करत होतो. त्या बाजूला त्यांना सगळं कळायचं. पातं टेकलं की ते डोळे मिटून घ्यायचे. तिथं मी कातडी ताणायचो, हात थांबवायचो, बस गेली तर जाऊ द्यायचो. त्या बाजूला मी त्यांना एकदाही कापलं नाही.