चांदणी म्हात्रेंचे एकसष्ट फोन

भाईंदर पूर्वेला एका छोट्या गाळ्यात चांदणी म्हात्रे लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. त्यांच्या घरची पूर्वी मिठागरं होती. संगणकाला हात लावणाऱ्या त्या घरातल्या पहिल्या. बारा वर्षांपूर्वी फुकटात टाकून घेतलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून व्हायरस शिरला आणि गिऱ्हाइकांच्या मुलांचे प्रवेश अर्ज गेले. त्यानंतर त्यांनी स्वतः शिकून दुकानातल्या संगणकावर लिनक्स ही मोफत, खुल्या कोडची प्रणाली आणली.

त्यांचा एक नियम होता. प्रोग्राम घ्यायचा तो लिनक्सच्या अधिकृत भांडारातूनच. तिथल्या प्रोग्रामवर डिजिटल सही असते आणि संगणक ती तपासूनच आत घेतो. मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक; सहीशिवाय कागद न स्वीकारण्याची सवय मला नोकरीने लावली, त्यामुळे हे मला पटकन कळलं.

गेल्या जूनमध्ये हा नियम मोडला. गावातली माणसं वारसनोंदीचे जुने अर्ज पेन ड्राइव्हवर आणत. ते जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले, त्यामुळे उघडले की नुसता कचरा दिसे. बाहेर रांग लागलेली. चांदणीताईंना एका साइटवर फॉन्ट बदलून देणारा फुकट प्रोग्राम मिळाला. ‘ही एक ओळ चिकटवा आणि पासवर्ड द्या’ असं तिथे लिहिलं होतं. त्यांनी दिला. अर्ज झकास वाचता येऊ लागले.

तीन आठवड्यांनी, दुकान रिकामं असताना, इंटरनेट मात्र जोरात चालू असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. कोणता प्रोग्राम बाहेर कोणाशी बोलतोय याची यादी त्यांनी काढली. तो फॉन्टवालाच होता. पडद्यावरची चित्रं कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर पाठवत होता. त्यांनी तिथल्या तिथे वायर उपटली.

त्या तीन आठवड्यांत एकसष्ट जणांची आधार, पॅन, पासबुकं त्या पडद्यावर येऊन गेली होती.

शेजारचे स्टेशनरीवाले धर्मेशभाई म्हणाले, “चांदणीबेन, मशीन साफ करो और चुप बैठो. किसको पता चलेगा? ॲडमिशन का सीझन है, दुकान बैठ जाएगी.”

“बसू दे. त्यांचे कागद गेलेत धर्मेशभाई, माझे नाहीत.”

“लेकिन तुम ही तो बोलती थी, लिनक्स में वायरस नहीं आता?”

“चुकीचं सांगत होते. कोड सगळ्यांना उघडा असतो, पण मी तो वाचला कुठे? दार मीच उघडून दिलं.”

नवा अर्ज न घेता त्या दोन दिवस फोन करत राहिल्या. माझाही नंबर त्यात होता. “काका, तुमचं पॅन कार्ड माझ्या चुकीने बाहेर गेलं असेल. बँकेला कळवा, पासवर्ड बदला, पण माझ्या दुकानातून नको.” मी थोडा चिडलोच. काहींनी तर शिव्या दिल्या.

फोन गेलेल्यांपैकी इंदुबाई तरातरा दुकानात आल्या. “माजा अंगठा पण चोरला का गो?”

“अंगठा नाही आत्या, नंबर गेला असेल. पण अंगठ्यालाही कुलूप लावू.”

“मंग रेशनला अंगठा कसा लावू?”

“तेव्हा उघडायचं. या, शिकवते.”

आधारमधलं अंगठ्याच्या ठशाचं ते कुलूप चांदणीताईंनी इंदुबाईंकडून त्यांच्याच मोबाइलवर तीनदा लावून आणि काढून घेतलं. संगणक पूर्ण पुसून नव्याने भरला. त्या साइटची तक्रार सायबर पोलिसांकडे केली आणि लिनक्स सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांनाही मोडक्यातोडक्या इंग्रजीत कळवलं.

एकोणीस गिऱ्हाईकं परत आली नाहीत. चांदणीताईंनी त्यांना बोल लावला नाही. तो सीझन मात्र मंदच गेला.

ऑगस्टमध्ये धर्मेशभाई आपला लॅपटॉप काखेत धरून आले. “जरा देख लो. बेटा बोलता है, किसी को भी दे दो. मैं बोला, किसी को भी नहीं.”

“यात काय काय टाकलंय?”

“जो फ्री मिला, सब.”

चांदणीताईंनी कपाळाला हात लावला आणि स्टूल पुढे सरकवलं. “बसा. वेळ लागेल.”