आक्कांची गिरणी आणि माझे ओले तांदूळ

आक्कांना हळू बोलता येत नसे. चाळीस वर्षं पिठाच्या गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून बोलल्यामुळे त्यांच्या गळ्यात एकच पट्टी उरली होती आणि गिरणी बंद असली तरी ती खाली येत नसे. देवळात हात जोडून त्या जे पुटपुटत, ते बाहेर चपला काढणाऱ्यांनाही ऐकू जाई. गल्लीतल्या कुणाच्या सुनेला दिवस गेल्याचं त्या शेजारणीच्या अगदी कानात सांगत, आणि त्या सुनेच्या नवऱ्याला ते कोपऱ्यावरच्या पानटपरीवर कळे.

मी गोंदियाकडची. आमच्याकडे मोठ्यांदा बोलणं म्हणजे भांडण. त्यामुळे कोल्हापुरात आल्यावर पहिल्यांदा ज्वारी दळायला गेले आणि आक्कांनी "कोन गावचं पावणं?" असं विचारलं, तेव्हा मी दोन पावलं मागे सरकून "माझं काही चुकलं का?" म्हणाले. हा प्रसंग पुढे वर्षभर गल्लीत करून दाखवला जात होता. माझी भूमिका शेवंताकाकू करत. त्या माझ्या घरमालकीण, आणि मागे सरकण्याची नक्कल माझ्यापेक्षा त्यांनाच चांगली जमे.

माझे बाबा भातगिरणीत पोती उचलायचे. घरात पदवीपर्यंत शिकलेली मी पहिली. माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचा कागद आला, तेव्हा बाबांनी नकाशावर बोट ठेवून कोल्हापूर शोधलं. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. मधे गाडीतला एक दिवस आणि एक रात्र. रुजू झाले त्याच आठवड्यात मी घराजवळ बदली मिळावी म्हणून अर्ज करून टाकला. तोवर दिवस कसेबसे काढायचे, असं ठरवलं होतं. खोल्या बघत हिंडताना दोन ठिकाणी माझं आडनाव ऐकल्यावर खोली अचानक आधीच कुणाला तरी दिलेली निघाली, त्यामुळे मन आणखीच आखडलं होतं. आक्कांनी आडनाव विचारलंच नाही. डब्यावर खडूनं लिहायला नाव सांग म्हणाल्या. मी पूर्ण नाव सांगायला लागले, तर म्हणाल्या, एवढं मावत न्हाय डब्यावर. प्रज्ञा हे नावही त्यांनी कापून 'पर्गी' केलं आणि गल्लीनं ते तसंच उचललं.

आक्का माया करत, ती अपमानाच्या वाटेनं. 'चिपाड झालीस' म्हणजे बस, खाऊन जा. 'सरकार तुम्हाला काम देत न्हाय वाटतं' म्हणजे आज लवकर आलीस, बरं वाटलं. त्या स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलत, तसं तिथल्या पुष्कळ बायका बोलतात. मला हे सगळं समजायला दोन-तीन महिने लागले. तोवर मी रोज खोलीवर येऊन आज आपल्याला कुणी काय बोललं याची मनात उजळणी करत असे.

दळणाच्या बाबतीत मात्र आक्कांचं शास्त्र होतं. कुणाचं कशानंतर काय दळायचं हे त्या ठरवत, कारण आधीच्या दळणाचं थोडं पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. ज्वारीमागून ज्वारी, मग गहू, डाळी शेवटी. आणि प्रत्येक डब्यातले दोन दाणे त्या दाताखाली धरत. कट्‌ असा आवाज आला तरच धान्य गिरणीत जाई. एका शिक्षिकेचे गहू त्यांनी तीनदा उन्हात परत पाठवले होते. गल्लीत त्यांना घाबरत नव्हतं असं कुणी नव्हतं.

पहिल्याच आषाढात मला घरची फार आठवण येत होती. आमच्याकडे तांदळाच्या पिठाचे आयते करतात, पातळ, जाळीदार धिरड्यांसारखे. मी तांदूळ धुतले आणि रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवले. आमच्याकडे एवढ्यात तांदूळ खडखडीत वाळतो. कोल्हापुरात त्या दिवसांत दोरीवरचा रुमालदेखील आठवडाभर ओला राहतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी डबा रांगेत ठेवला. आक्कांनी विचारलं, वाळल्यात न्हवं? मी हो म्हणाले. आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आक्कांनी दाणा दाताखाली धरला नाही. प्रयोगशाळेत नोकरी करणारी मुलगी आहे, म्हणून.

गिरणी आधी घोगरी झाली, मग कण्हली, मग पट्टा घसरून थांबली. दगडांवर तांदळाचा लगदा बसला होता. आक्कांनी वरचा दगड उचलवून घेतला, लगदा खरवडला, छिन्नीनं दगडाला पुन्हा टाकी लावून खाचा पाडल्या, त्यात सगळी संध्याकाळ गेली. माझ्यामागे नऊ डबे होते. म्हणजे नऊ घरांची भाकरी. नऊही बायका पायरीवर बसून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता ही गल्लीही सोडावी लागणार. मी रडवेली होऊन सगळ्यांची माफी मागत होते, आणि माझ्या त्या शुद्ध, शाळेतल्या मराठीमुळे त्यांना आणखी हसू येत होतं.

आक्का हात झटकत बाहेर आल्या आणि त्यांनी निकाल दिला. "नऊ घरांची भाकरी अडवलीस. आता उगंच रडू नगंस. ऐतवारी समद्यास्नी तूच जेवाय घाल की."

मला ते चेष्टेतलं वाटलं. रविवारी सकाळी आक्कांना पुढे घालून नऊ बायका आपापलं ताट घेऊन माझ्या जिन्यात उभ्या होत्या. तांदूळ आक्कांनी स्वतः कढईत गरम करून, दाताखाली धरून, दळून दिले होते. माझी खोली दहा बाय दहाची. निम्म्या बायका जिन्यावर बसल्या. मी आयते घालत गेले आणि टीका ऐकत गेले. मीठ कमी. तिखट तर नावालाही नाही. ही आजाऱ्याची पथ्याची धिरडी दिसतात. शेवंताकाकू खाली जाऊन कांदा-लसणाची चटणी घेऊन आल्या, कुणी तेल आणलं, आणि माझ्या आईचा पांढराशुभ्र आयता त्या दिवशी लालभडक झाला. आक्कांनी सात खाल्ले. उठताना म्हणाल्या, चव न्हाय, पण पोटाला बरं वाटतंय. त्यानंतर त्या गल्लीत महिन्यातून एकदा तांदूळ दळले जाऊ लागले.

मी माती तपासते, हे आक्कांनी गिरणीवर उभं राहून जाहीर केल्यावर माझ्या दारात मातीच्या पिशव्या येऊ लागल्या. कुणाच्या माहेरच्या उसाच्या शेतातली, कुणाच्या तुळशीच्या कुंडीतली. मी नमुना कसा घ्यायचा हे कागदावर लिहून दिलं. आक्कांना माझ्या यंत्रांवर विश्वास नव्हता. एकदा त्यांनी कुणाच्या तरी मातीचा खडा सवयीनं दाताखाली धरला, थुंकला, आणि चुनखड जास्त आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी अहवाल तेच म्हणाला. मी तो आक्कांना दाखवला नाही. पण शेवंताकाकूंनी मला तो वाचताना पाहिलं होतं, त्यामुळे उपयोग झाला नाही.

तिसऱ्या वर्षी बदलीचा आदेश आला. घरापासून बसनं अर्ध्या तासावरचं कार्यालय. ज्या कागदाची इतकी वाट पाहिली, तो हातात आल्यावर मी आनंदानं घरी फोन करायला हवा होता. मी तो पर्समध्ये ठेवून तीन दिवस हिंडले. आदेश नाकारला तर पुन्हा अर्ज करता येईल, पण कधी नंबर लागेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. आई-बाबा थकत चालले होते. धाकटा भाऊ त्यांच्याजवळ होता, पण ती सबब वाटे.

चौथ्या दिवशी मी गिरणीवर गेले आणि आक्कांना विचारलं की तुम्हाला हे गाव आपलं कधी वाटायला लागलं. आक्का मूळच्या बागलकोटकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आजही डबे त्या कानडीतच, ओंदु, एरडु, मूरु असे मोजत. माझा प्रश्न त्यांना खुळचट वाटला असावा. म्हणाल्या, तसं काय एका दिवशी वाटत न्हाय, दळणं घेता घेता इसरून गेलो. मग माझ्या हातातला कागद बघून त्यांनी गिरणीचं बटण बंद केलं. रांगेत डबे असताना त्यांनी ते कधी केलं नव्हतं.

"माझ्यासाठी ऱ्हात असशील तर ऱ्हाऊ नगंस, पर्गे. मी काय, आज हाय उद्या न्हाय. ह्या बायकांसाठी ऱ्हानार असशील तर ऱ्हा."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बाबांना फोन केला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जेवलीस का म्हणून तिथं कोणी इचारते का तुले?" मी म्हणाले, नऊ घरं विचारतात. बाबा म्हणाले, "मंग राय नं बाई तिथंच."

मी राहिले. आक्कांनी ऐकल्यावर मला खुळी ठरवलं आणि तसं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

पाच महिन्यांनी, एका सकाळी, गिरणी सुरू झाली नाही. आक्का झोपेतच गेल्या होत्या. पुण्याहून त्यांचा मुलगा आणि सून आले. दुपारी मयत उचललं. सगळी गल्ली पांगली आणि मी खोलीवर येऊन अंघोळ केली. राहायचं ठरवल्यापासून मला पहिल्यांदाच भीती वाटली. वाटलं, आक्का गेल्या, आता आपण इथं कोण? भाडेकरू. तरी शेजारधर्म म्हणून त्यांच्या मुलासुनेला भाकरी करून न्यावी, असं मनात आलं. पीठ मळलं, तवा ठेवला.

शेवंताकाकू जिना चढून वर आल्या. हातात झाकलेलं ताट होतं. त्यांनी आधी माझा गॅस बंद केला.

"मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत. येवढंबी ठाऊक न्हाय व्हय ग तुला?"

मी म्हणाले, माझ्यासाठी नाही काकू, आक्कांच्या घरी न्यायला करतेय.

"त्यांचं त्यांच्याकडं पोचलं," काकू म्हणाल्या आणि ताट माझ्यापुढे ठेवलं. "ह्ये तुझं."

ताटात पिठलं आणि दोन भाकरी होत्या. मी खाईपर्यंत उठायचं नाही असं ठरवल्यासारख्या त्या भिंतीला टेकून बसल्या. मी मळलेलं पीठ झाकून ठेवलं, हात धुतले आणि जेवायला बसले.