उभा चॅनेल, आडवा चॅनेल

माझे दाजी बास्सू टॉवरचं काम बघतात, म्हणून अख्खं गाव त्यांना शिव्या घालतं. फोन लागला नाही की बास्सू, पडद्यावर पोराचं तोंड थिजलं की बास्सू. ईदला तर कहरच. आमच्या खोऱ्यातली निम्मी तरणी माणसं समुद्रापलीकडे कामाला. सगळे एकाच वेळी घरी फोन करणार आणि आमच्या डोंगरावरून समोरच्या डोंगरावर फोन वाहून नेणारा तो एकुलता एक चॅनेल गुदमरणार.

मागच्या बकरी ईदआधी कंपनीनं एकदाचा दुसरा चॅनेल मंजूर केला. पुदिन्याचा चहा ओतता ओतता दाजी मला समजावत होते. "डिश तीच गं, तूदा. आत्ताची लहर उभी जाते, नवी आडवी जाईल. एकमेकींच्या वाटेत येत नाहीत. पलीकडे पोचल्या की दोघींचा माल पुन्हा एकत्र बांधायचा. एका खेचराचं ओझं दोघांवर, एवढंच."

"मग माणसं तुकड्यातुकड्यांनी येणार नाहीत ना?" इत्तोनं अंथरुणातून विचारलं.

इत्तो माझी थोरली बहीण, दाजींची बायको. तिचं यकृत संपलं होतं आणि दवाखान्यानं तिला घरी पाठवलं होतं. तिची लेक तिलिला फ्रान्सात, कागदपत्रं अडकलेली, त्यामुळे येणं शक्य नव्हतं. रोज दुपारच्या सुट्टीत ती फोन करायची. आवाज यायचा, चेहऱ्याचे मात्र नुसते चौकोन. "मला माझी पोर बघायचीय, चौकोन नकोत," इत्तो म्हणायची. त्या बोलण्यानं दाजींना झोप लागेना.

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी ते टॉवरवर चढायचा पट्टा बांधून निघाले.

"आज राहू द्या हो," इत्तो म्हणाली. "दुपारी तिचा आवाज तरी ऐकेन."

"दुपारच्या आत जोडतो. आज नुसता आवाज नाही, चेहराच दाखवतो तुला."

मला तेव्हाच राग आला होता. बाईमाणूस मागतंय आवाज आणि हे द्यायला निघाले चेहरा. पण त्यांच्या डोळ्यांतला आनंद बघून मी त्यांना दार उघडून दिलं.

लहर सोडणारा डबा म्हणजे रेडिओ; जुना उतरवल्याशिवाय डिशच्या पाठीवर दोन बसत नाहीत. म्हणून लिंक पाडली आणि खोऱ्यातले सगळे फोन मुके झाले. समोरच्या डोंगरावर त्यांचा जोडीदार झायद होता. जुना उभ्या जागी, नवा आडव्या जागी, असं दोघांनी आधीच ठरवलं होतं. घाईत दाजींनी उलटे बसवले. एकाचा उभा दुसऱ्याच्या आडव्याकडे बघतोय, मग ऐकू येणार काय? त्यांना वाटलं, डिशच हलली. वॉकीटॉकीवर एकमेकांना शिव्या देत दोघं डिशची तोंडं फिरवत बसले, पाठ बराच वेळ कुणी बघितलीच नाही. हे झायदनं नंतर सांगितलं.

इकडे दुपार उलटली. इत्तोचा श्वास घरघरू लागला. फोन तिनं छातीशी धरला होता.

"लागला का गं?"

"लागेल आता."

खिडकीतून टॉवर दिसायचा आणि त्यावर दाजीही, एवढेसे. ती तिकडे बघत राहिली. "फार वर चढतात हे," ती म्हणाली. "सावकाश उतरायला सांग त्यांना."

त्यानंतर ती बोलली नाही. मी तिच्या तोंडात पाणी घातलं, कलमा म्हटला, तिचे डोळे मिटले. माझ्या बहिणीनं लेकीचा आवाज मागितला होता आणि तोही तिला मिळाला नाही. हे दुःख मला आजही गिळता येत नाही.

अस्रची, तिसऱ्या प्रहराची बांग झाली आणि तिच्या हातातला फोन वाजला. मी तो सोडवून घेतला. पडद्यावर दाजी, टॉवरच्या टोकावरून. इतके स्वच्छ की दाढीतला पांढरा केस न् केस मोजावा. मागं निळं आभाळ, एक हात लोखंडाला. ते लहान मुलासारखे हसत होते. खालच्या कोपऱ्यात तिलिलाचा फोन येत असल्याची खूण लुकलुकत होती.

मी पलंगाकडे पाठ केली. पडद्यात फक्त माझं तोंड येईल असा फोन धरला.

"पोरीचा फोन आलाच असेल. दिसली का गं तिला पोर?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाली?"

"दिसली, दाजी," मी म्हटलं. "सावकाश उतरा म्हणाली."