कड्यासमोरची गिधाडं

वांकिडीच्या शाळेत कारकुनी करणाऱ्या संघपालला सारं गाव ‘गिधाडबाबू’ म्हणायचं, आणि तोही खुशाल ओ द्यायचा. दर रविवारी तो गावामागच्या कड्यावरची गिधाडं मोजी. तीन वर्षांत अकराची सात उरली होती. आता त्या कड्यावर दगडाची खाण येणार होती. वनखात्याचे साहेब एवढंच म्हणाले होते, “कडा मागे दिसेल असा उडत्या गिधाडाचा फोटो सोमवारी टेबलावर ठेवा. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.”

आज रविवार. आठ दिवस गिधाडं उंच आभाळातच फिरत होती. जुन्या लेन्समध्ये नुसते ठिपके यायचे.

सकाळीच भाजीमळेवाला नागोराव दारात आला. त्याची म्हैस पहाटे मेली होती.

“कड्याखाली टाका, बाबू. पाखरं आपसूक खाली येतीन. दोर बांधा न ओढत न्या. तुमच्या आज्याचंच काम व्हय.”

नागोराव हसला. संघपाल हसला नाही. आजा साऱ्या गावाची मेलेली जनावरं ओढायचा. घरचे बौद्ध झाले त्या दिवशी बापानं तो दोर चुलीत घातला होता.

“नागोरावभाऊ, तो दोर मी धरत नाई. फोटो नाई भेटला तरी.”

नागोरावानं मान खाली घातली. “बोलता बोलता बोलून गेलो, बाबू. मंग ट्रॅक्टर कशाले घेतला मी?”

ट्रॅक्टरनं म्हैस कड्याखाली नेली. दहाच्या उन्हात दगड तापले, आणि सातही गिधाडं चकरा घेत खाली येऊ लागली. झुडपामागे बसलेल्या संघपालनं कॅमेरा कड्याकडे धरला. पहिलं गिधाड कड्यासमोरून वळलं, त्यानं बटण दाबलं. पण दगड स्वच्छ आला, पाखरू धुरकट. तो श्वास रोखून दुसऱ्याची वाट पाहू लागला.

शेजारी नागोराव पुटपुटला, “बिचारीले चार दिवस दुखण्याच्या सुया टोचल्या. तरी नाई वाचली.”

संघपाल गार पडला. कुणाचंही जनावर मेलं की तो आधी हेच विचारायचा, दुखण्याची सुई दिली होती का? मांसातून ते औषध पोटात गेलं की गिधाड दोन-चार दिवसांत मरतं. आज त्या दोराच्या बोलण्यात विचारायचंच राहिलं.

दोन गिधाडं म्हशीपाशी उतरली होती, चोच अजून लागली नव्हती. संघपाल अंगातला शर्ट काढून गरागरा फिरवत धावला.

“भाऊ, खणायचं मशीन आणा. हिले मातीत पुरा लागन.”

नागोराव ट्रॅक्टरकडे पळाला.

गिधाडं उठली. त्याच्या डोक्यावरून, कड्याला लागून, पीसन् पीस दिसेल इतक्या जवळून. कॅमेरा छातीवर आपटत होता. एक हात तिकडे गेला, शर्ट थांबला, आणि लगेच एक गिधाड पाय पसरून खाली आलं. त्यानं पुन्हा शर्ट उचलला.

मशीन आलं तेव्हा तीन वाजले होते. म्हशीवर माती पडली तशी गिधाडं वर वर जात ठिपके झाली. संघपालचे खांदे उचलत नव्हते. कोपरं गुडघ्यांवर टेकवून त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला, आणि त्या सात ठिपक्यांचेच फोटो काढत राहिला.