भाऊच्या नावापुढचं श्री.

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि हसून सोडून दिले. जिचं पोट कॉम्प्युटरवर, तिने भुताखेतांवर विश्वास ठेवून कसं चालेल? आजही ठेवत नाही... पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

जळगावला पिंप्राळ्यात, घराच्या पुढच्या खोलीत मी लग्नपत्रिका टाइप करून देते. माझा मोठा भाऊ म्हणजे कॉम्प्युटरमधला किडा. त्याने मला एक एडिटर बसवून दिला, ज्याला आपल्या सवयी शिकवता येतात. एक बटण दाबलं की गणपतीचा श्लोक येतो, दुसरं दाबलं की नावं आपोआप रांगेत लागतात. अशा शिकवलेल्या सवयींना मॅक्रो म्हणतात. स्वतः भाऊ मात्र दोन बोटांनी टाइप करायचा, टक... टक... मी फार चिडवायचे त्याला.

काही वर्षांपूर्वी तो धुळ्याला जातो म्हणून निघाला, तो परतलाच नाही. पोलीस, पेपरात फोटो, सगळं करून झालं. वहिनीने मंगळसूत्र काढलं नाही.

या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थात माझ्याकडे. भरदुपारी आमचे आबा, म्हणजे थोरले काका, माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

"आते कितला दिन वाट दखानी? नावपुढे कै. लिखी टाक. लोकेसना सवाल तरी मिटतीन."

वहिनी चहा घेऊन दारातच थांबली. कै. छापलं की ती चारचौघांत विधवा ठरणार. मग पोटच्या लेकीला हळद लावायलाही तिला कोण पुढे येऊ देणार? माझा जीव तुटत होता, पण आबांपुढे बोलायची टाप नव्हती. मी कै. लिहिलं आणि नावं रांगेत लावायचं बटण दाबलं.

भाऊच्या नावापुढे श्री. आलं.

वाटलं, माझीच चूक. पुन्हा लिहिलं, पुन्हा श्री. त्याच पत्रिकेतलं आजोबांचं कै. मात्र जागच्या जागी!

"तुनं मशीन येडं शे," आबा वैतागले.

मी मॅक्रो उघडून ओळ न् ओळ वाचली. त्यात नुसती मोकळी जागा काढायची आणि रांग लावायची आज्ञा होती. कै.चं नावच नाही. मग मी इंटरनेटची वायर उपसली, सगळे मॅक्रो बंद केले आणि परत कै. लिहून कीबोर्डवरचे हात उचलले.

कर्सर आपोआप मागे सरकला. मॅक्रो एका झटक्यात काम करतो... हे एकेक अक्षर येत होतं. आधी कै. पुसलं गेलं. मग थांबत थांबत श्री. उमटलं — दोन बोटांनी टाइप केल्यासारखं.

आबा उठून ओट्यावर जाऊन बसले.

"त्यासनं नाव त्यासनीच लिखं, ताई," वहिनी म्हणाली.

रिपेअरवाल्याने मशीन खोलून पाहिलं, त्याला काही सापडलं नाही. पत्रिका श्री. लावूनच छापली. वहिनीने लेकीला पहिली हळद लावली, आणि आबांनीच तिला पुढे बोलावलं.

तेव्हापासून वहिनी खुशीत आहे. म्हणते, ते आहेत कुठेतरी. मी मान हलवते. तिच्या तोंडावर कसं विचारू...

जिवंत माणसाने फोन केला असता ना?