‘पाणी’वर थांबायचं

अनंतकाका गेल्याचा काकूंचा फोन आला तेव्हा मी ओक ट्री रोडवर भाजी घेत होतो. त्याला आता महिना उलटून गेला. एडिसनमध्ये आमच्या शेजारी राहणारे हे काका म्हणजे अखंड बोलणारा माणूस. त्यांना स्ट्रोक आला आणि वाचाच गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून नुसतं ‘ते... ते...’ यायचं. पाणी हवं असलं तरी ग्लासकडे बोट दाखवायचे आणि स्वतःवरच चिडून मान फिरवायचे.

मग एका संध्याकाळी काकूंनी देवापाशी दिवा लावला आणि काका घडाघडा बोलू लागले, ‘देवा, पाणी दे, भाकर दे, गेलेल्यांना घरी आण...’ त्यांच्या आईने स्वतः जुळवलेली प्रार्थना, लहानपणापासून पाठ. काकू रडायलाच लागल्या. स्पीच थेरपीला मीच काकांना ड्राइव्ह करून न्यायचो. थेरपिस्ट म्हणाली, पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या वाटेने येतं, असं होतं कधीकधी. मला मात्र नवल वाटत राहिलं.

काकांनी पुढे जे केलं ते तिलाही सुचलं नव्हतं. तहान लागली की ते प्रार्थना सुरू करायचे आणि ‘पाणी’वर थांबायची धडपड करायचे. जमायचं नाही. जीभ आपली ‘दे, भाकर दे’ करत पुढे धावायची. पुन्हा पहिल्यापासून. कपाळावर घाम यायचा. ‘अहो, पुरे करा आता,’ काकू म्हणायच्या. अख्खा हिवाळा असा गेला. एकदा गाडीत ‘देवा, पाणी...’ म्हणाले आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मी बाटली पुढे केली. पुढे पुढे ‘देवा’सुद्धा लागेना, नुसतं ‘पाणी’ यायला लागलं.

मी देव मानत नाही. तरी न राहवून विचारलं, ‘काका, शब्द दिला कुणी? देवाने की तुमच्या मेहनतीने?’

बराच वेळ ते जुळवाजुळव करत राहिले. ‘नेतो... तो. थांबतो... मी.’ मग हसले. ‘दोघंही... दमतो.’



थेरपिस्टने घरच्यांना बजावलं होतं, काकांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. गेल्या रविवारी काकूंकडे जेवताना मी काकांचंच काहीतरी सांगायला गेलो आणि मध्येच अडलो. काकू वाढता वाढता थांबल्या. हातातली पोळी तशीच धरून, काही न सुचवता, माझा शब्द येईपर्यंत उभ्या राहिल्या.